शाफ्टवरची खूण

"…मग आता तुम्हीच सांगा उस्ताद, बदलायचं काय राहिलं?"

सुकुमार मगदूम जुन्या पिकअपच्या बॉनेटवर हात ठेवून विचारत होता. मिरजेत त्याचं गॅरेज जोरात होतं, आणि ते समोरच्याला कळावं याची तो काळजी घेई.

दस्तगीर उस्ताद आपल्या घरासमोर खाटेवर बसून शेवग्याचा पाला निवडत होते. गुडघे गेल्यापासून त्यांनी गाडीखाली शिरणं सोडलं होतं. सुकुमार त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

"काय काय बदललास?"

"टायर. इंजिनाचे रबर. क्लच. शाफ्टाचं मधलं बेअरिंग. तरी वेग घेतला की थरथर तशीच. सीटखालून निघते ती पार दातापर्यंत."

"मग?"

"मग काय? गाडीच म्हातारी झाली. गजराक्काला सांगून टाकलं, भंगारात घाला."

गाडीची मालकीण गजराबाई कुंभार शेजारीच तडकलेलं मडकं घेऊन उभी होती. आठवडी बाजाराला पोचेपर्यंत निम्मा माल असा तडकत होता. भंगारवाला संध्याकाळी यायचा होता. गाडी गेली की तिचे बाजारही गेले, डोक्यावरून मडकी किती नेणार? पूर्वी ही गाडी उस्तादच बघत, म्हणून हट्टानं तिनं ती एकदा इथं आणायला लावली होती.

"आक्का, थरथर कवापासनं?" उस्तादांनी विचारलं.

"ह्यांनी शाफ्टाचं काम केल्यापासनं. आधी निस्तं टकटक वाजायचं."

सुकुमार हसला. "जॉइंट झिजला होता, म्हणून टकटक. मी शाफ्ट उघडून नवा घातला, टकटक गेली. थरथर आधीची असणार. यांना कळली नसेल."

"मडक्यास्नी कळली असती की," गजराबाई म्हणाली.

उस्ताद पाला निवडत राहिले…

"सुकुमार, दुसऱ्यांनी केलेलं सगळं उघडून बघितलास. तू केलेलं?"

"ते कशाला? ते तर मीच केलंय!"

उस्तादांनी पाल्याची दुसरी डहाळी उचलली. सुकुमारनं उगाच टायरला लाथ मारली.

"पॉलिश पेपर आहे?" उस्ताद म्हणाले.

"आहे."

"शाफ्टाचा रंग काढ. मधल्या जोडापाशी."

"उस्ताद, नवा रंग आहे! माझ्या गॅरेजमधनं मळका पार्ट परत जात नाही. डिझेलनं धुवायचा, घासायचा, रंगवायचा, मगच बसवायचा. गिऱ्हाईक खूश होतं."

"काढ."

सुकुमार कुरकुरत गाडीखाली शिरला. पेपर घासल्याचा आवाज आला. मग थांबला…

"उस्ताद… इथं छिन्नीची खूण आहे."

"दुसऱ्या तुकड्यावर?"

"तिथंपण आहे. पण समोरासमोर नाहीत. एक दात सरकल्यात."

इंजिनाचा जोर मागच्या चाकांना नेणारा तो लांब शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो. एकाचे दात दुसऱ्यात बसतात. बसतात कसेही, पण सुखानं फिरायला त्यांना आपली जागाच लागते. सुकुमारला हे माहीत नव्हतं असं नाही. त्यानं नीट धुतलं, नीट रंगवलं, आणि जसं बसलं तसं बसवलं.

"ह्या खुणा कुणाच्या?" गाडीखालून त्याचा आवाज बारीक आला.

"माझ्या. उघडायच्या आधी करतो."

"तुम्हाला कशाला खूण लागते? तुम्ही डोळे मिटून जोडाल."

"लागते बाबा."

सुकुमारनं शाफ्ट उतरवला, खुणा समोरासमोर आणल्या आणि पुन्हा चढवला. गजराबाईला शेजारी बसवून, हौद्यातल्या मडक्यांसकट गाडी हमरस्त्यावर पळवून आणली. परत आल्यावर ती थेट हौद्यात चढली आणि एकेक मडकं बोटानं वाजवून बघितलं. सगळी खणखणीत वाजली.

"काय झालं हुतं ओ?" तिनं वरूनच विचारलं.

"ते… शाफ्ट जुना आहे ना, त्यामुळं…"

सुकुमारनं उस्तादांकडे पाहिलं. उस्तादांनी मान वर केली नाही. पाल्यातली एक काडी काढून बाजूला टाकली.

"माझी चूक, आक्का. जोडताना मी एक दात चुकवला. गाडी चांगली आहे."

त्याचे कान लाल झाले होते. गजराबाईनं मडकं खाली ठेवलं.

"मग भंगारवाल्याला नको म्हणू न्हवं?"

"नकोच म्हणा."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि मडक्यांमध्ये गवत खोचायला लागली. सुकुमारनं हत्यारांच्या पेटीतून रंगाचा डबा आणि ब्रश काढला आणि गाडीखाली वाकला. वाकता वाकता थांबला.

"उस्ताद… रंग देऊ का परत?"

"दे की. खूण तेवढी सोड."