झोपाळ्याचा जोड

एकदा एक कापडाचा व्यापारी उतारवयात लोखंड जोडायला शिकू लागला. दुकान मुलाने सांभाळायला घेतले होते. आयुष्यभर दुसऱ्याने विणलेले विकून झाले, आता एखादी वस्तू आपल्या हातून घडावी, अशी इच्छा त्याच्या मनात कधीची होती. त्याने गॅरेजमधली गाडी अंगणात आणून उभी केली आणि त्या जागी वेल्डिंगचे मशीन, चामड्याचे हातमोजे, डोळ्यांपुढे धरायची काळी काच असा संसार मांडला. शिकवायला मागच्या गल्लीतले एक वृद्ध मास्तर येत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मुलांच्या कित्येक पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या.

मास्तरांनी शिकवण्याचा मोबदला घ्यायचे नाकारले, आणि तिथेच व्यापाऱ्याच्या मनात पाल चुकचुकली. फुकट देणाऱ्याला काहीतरी हवे असते, हे बाजारात बसून शिकलेले त्याचे शास्त्र होते.

आधी पत्र्याच्या तुकड्यांवर नुसत्या रेघा ओढणे झाले. रॉड चिकटे, ठिणग्या उडत, कधी पत्र्याला भोक पडे. मग चपलांचा स्टँड झाला, कुंड्यांसाठी घडवंची झाली. सरावाचे जोडलेले तुकडे मात्र मास्तर जाताना कापडी पिशवीत भरून घरी नेत. व्यापाऱ्याने हे पत्नीच्या कानावर घातले. म्हातारा भंगार गोळा करतो, असे त्याचे म्हणणे पडले. असेल काही कामाचे, म्हणून ती भाजी निवडत राहिली. तिच्या या भोळेपणाचाही त्याला राग आला.

उन्हाळ्याच्या सुटीत लेकीची मुलगी यायची होती. तिच्यासाठी अंगणात झोपाळा करायचा त्याने बेत केला. दोन्हीकडे कैचीसारखे पाय आणि वर आडवा पाइप. मास्तर सांगत, करंट वाढवा, लोखंड वितळू द्या. व्यापाऱ्याला पडलेली भोके आठवत. याला आपले काम बिघडवायचे आहे की काय, असे मनात येई. आडव्या पाइपाच्या पुढच्या टोकाचा जोड त्याने मास्तर नसताना, करंट उतरवून केला आणि ग्राइंडरने घासून आरशासारखा गुळगुळीत केला. मागचा जोड मास्तरांच्या देखत झालेला, ओबडधोबड. तो भिंतीकडे येईल म्हणून त्याने तसाच सोडला. वर निळा रंग दिला. शेजारीपाजारी येऊन वाखाणून गेले. मास्तरांनी तेवढे कौतुकाचे अवाक्षर काढले नाही. पुढच्या जोडावरून त्यांनी नख फिरवले आणि हा केव्हा केलात, एवढेच विचारले. व्यापाऱ्याने उत्तर टाळले. याला असूया म्हणतात, असे त्याने मनाशी ठरवून टाकले.

जाताना मास्तरांनी गॅरेजची किल्ली मागितली. व्यापाऱ्याने ती हसून दिली, उद्या आपण परगावी लग्नाला जाणार असल्याचे आवर्जून सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी जेवण उरकून गॅरेजसमोरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीआड जाऊन बसला.

मास्तर आले, त्यांनी गॅरेज सताड उघडले. आत उभ्या झोपाळ्याच्या चौकटीपुढे क्षणभर उभे राहिले. मग पिशवीतून हातोडा काढून त्यांनी मागच्या जोडावर घाव घातला. लोखंड खणखणले, हलले नाही. तितक्याच जोराने दुसरा घाव पुढच्या जोडावर बसला, आणि आडव्या पाइपाचे पुढचे टोक निखळून फरशीवर आदळले.

व्यापारी संतापून धावत बाहेर आला. मास्तर दचकले नाहीत.

"लग्नाला गेला नाहीत हे कळलं होतं मला," ते म्हणाले. "चपला दारातच आहेत तुमच्या. या, हे बघा."

त्यांनी निखळलेले टोक त्याच्यापुढे उचलून धरले. रंगाखाली पाइपाची कड जशी कापली होती तशीच होती. करवतीचे ओरखडेसुद्धा स्पष्ट दिसत होते. लोखंड लोखंडात कुठेच शिरले नव्हते. मग मास्तरांनी पिशवी पालथी केली. इतके दिवस नेलेले सरावाचे तुकडे त्यांनी घरी मधोमध कापून पाहिले होते. प्रत्येक जोड आतून कसा आहे ते दिसत होते. काही भरलेले, पुष्कळसे पोकळ.

"यावर कोणाला बसवणार होतात?" मास्तरांनी विचारले.

व्यापाऱ्याच्या डोळ्यांपुढे नात आली. तो म्हणाला, "मास्तर, तुम्ही मला आधीच सांगायला हवं होतं."

"सांगितलं होतं, शेठ. पण सांगणाऱ्यावर विश्वास नसला की शब्दही असाच वरच्या वर बसतो, आत उतरत नाही. म्हणून आज लोखंडालाच बोलू दिलं. तुम्ही माझ्या पिशवीवर शंका घेतलीत, माझ्या गप्प राहण्यावर घेतलीत, हे तुमच्या नजरेत दिसायचं. त्याचं मला वाईट वाटत नाही. शंका ही या विद्येतली मोठी गरज आहे. पण ज्यावर लेकरू झुलणार, त्या जोडावर तुम्हाला एकदाही शंका आली नाही. कारण तो तुमचा होता, आणि देखणा होता."

व्यापारी खाली बसला. त्या टोकावरून त्याने पुन्हा पुन्हा बोट फिरवले. आपण माणसांना पारखतो असा त्याचा समज होता. आपण फक्त दुसऱ्यांना पारखत आलो, हे त्या दुपारी त्याला उमजले.

त्याने निळा रंग खरवडला, कड पुन्हा घासली, मास्तरांना शेजारी उभे करून करंट वाढवला. दोनदा भोक पडले, ते भरले. नवा जोड काही देखणा झाला नाही. रंग देण्याआधी त्याने मास्तरांकडून हातोडा मागून घेतला आणि स्वतःच, सगळी ताकद लावून, त्यावर घाव घातला. पाइप घणघणला आणि जागच्या जागी राहिला.

नात येण्याच्या आदल्या संध्याकाळी चौकट अंगणात उभी करून फळी टांगून झाली. व्यापाऱ्याने मास्तरांना हात धरून तीवर बसवले आणि आपणही शेजारी टेकला. दोघांचे वजन चौकटीवर पडले. पत्नी चहा घेऊन दारात आली, तेव्हा दोन म्हातारे पाय जमिनीवरून उचलून, हळूहळू झोके घेत होते.