हार्पच्या पेटीवरचे तीन ठोके

पाहुणे आले की मलाच पुढे करतात. गुडघे गेले, पण तोंड चालतं ना, मग सांग म्हाताऱ्या! बसा. आणि ते फोटो काढणं थांबवा आधी.

समोर तो गुहेचा डोंगर दिसतो, त्याला आम्ही माया लोक ऐकता डोंगर म्हणतो. मका पेरायच्या सकाळी आमची हार्प त्या गुहेच्या तोंडाशी नेतात. एक जण तारा छेडायला बसतो, दुसरा तिच्या लाकडी पेटीवर बोटांच्या पेरांनी ताल धरतो. पण आधी तीन ठोके. तेवढा वेळ वाजवणाऱ्याची बोटं तारांना न शिवता हवेतच फिरतात. पाहुणे हसतात. हसू नका, ऐका.

फार मागं हे सगळं खोरं कॉफीच्या मळ्यात गेलं होतं. हार्प वाजली की माणसं काम टाकून आपल्या रानात पेरायला जातात, हे मुकादमानं हेरलं. त्यानं घरोघरच्या हार्प फोडल्या. उरली एकट्या तोमास इकालची. तिच्याही साऱ्या तारा काढून त्यानं पेटाऱ्यात कुलपात घातल्या. "आता वाजव," म्हणाला.

हार्प ऐकल्याशिवाय डोंगर दाणा वर येऊ देत नाही. पेरणीचा दिवस तर उजाडला. बियाणं टोपल्यांत तसंच. तोमास म्हणे हार्पकडे पाठ करून बसला होता. त्याची बायको पेत्रोना मोठी फटकळ.

"तारा नेल्या त्यानं, बोटं पण नेली का तुमची? उठा!"

"तारांवाचून काय वाजवू, कपाळ?"

"चाल येते ना तुम्हाला? डोंगरालाही येते. तुम्ही नुसती सुरू करा."

दोघांनी हार्प गुहेशी नेली. नेमाप्रमाणे तिच्या पायाशी कोकोचं पेय ओतलं. पेत्रोनानं पेटीवर तीन ठोके दिले. तोमासची बोटं रिकाम्या चौकटीत चालू लागली, जिथं जी तार होती तिथंच, एकही न चुकवता. पहिली फेरी कोरडी गेली, असं सांगतात. दुसऱ्या फेरीला गुहेतून तीच चाल आली, साऱ्या तारांची!

मुकादमानं पेटारा उघडून पाहिला. तारा जागच्या जागी होत्या, पण थरथरत होत्या म्हणे. मळ्यातली माणसं टोपल्या टाकून रानाकडे निघालेली. मग मुकादम स्वतःच डोंगर चढला, तारा तोमासपुढे ठेवल्या, टोपी काढली आणि गेला. त्या साली मका माणसाच्या डोक्यावर दीड हात गेला.

आजही तीन ठोके पडल्याशिवाय तारेला कोणी हात लावत नाही. चाळीस वर्षं ते मी देतो. ही पेरं बघा, घट्टे पडलेत. यंदा मात्र पाहुण्यांपुढे मिरवायच्या घाईत वाजवणारा मला म्हणाला, "ते लाकूड बडवणं राहू द्या हो." वाजवलं. डोंगर गप्प. सारा गाव माना खाली घालून उभा. मग मी पुढे झालो, तीन ठोके दिले, आणि डोंगर असा गाजला की खालच्या वस्तीतली कुत्री उठून उभी राहिली.

मुकादमानं निदान टोपी तरी काढली होती. आमच्या या वाजवणाऱ्यानं अजून तेवढंही केलेलं नाही. तो बघा, हार्पशी ऐटीत बसलाय तो. लाझारो चोक.