रिकाम्या शाळेतला परवचा

श्रीकेशवगिरी महाराजांचा मुक्काम त्या थंडीत डोंगरपायथ्याच्या बोरदरी गावी होता. गावातून नुकतीच पटकीची साथ येऊन गेली होती. मारुतीच्या देवळामागे चिंचेखाली महाराज राहत. कुणी भाकरी आणली तर घेत, नाहीतर तसेच बसून राहत.

देवळाच्या ओसरीत नारोपंत पंतोजींची शाळा भरे. साथीत काही मुले गेली, उरलेल्यांना आईबाप घराबाहेर सोडीनात. पंतोजींची बायको गोदाबाईही गेली. तरी पंतोजी रोज ओसरी झाडत, प्रत्येक मुलाच्या जागी पाटी मांडत आणि वाट बघत बसत. घरी जायचे तरी कुणासाठी?

एके दुपारी मानाजी पाटील गड्यांसह तिथे आले. त्यांचा मुलगा भैरू याच शाळेत शिके. साथीत तोही गेला होता.

"काय पंतोजी, आज कुणाला शिकवलंत? खांबांना?"

गडी हसले.

"पोरं येतील, पाटील."

"मेलेली येत नसतात. उरलेली गुरं राखतील. उद्या ओसरी मोकळी करा, माझा कडबा भरायचाय. अन् तुमच्या त्या गोसाव्याला म्हणावं, अंगात काही असेल तर भरव शाळा!"

पाटील डोंगरावरच्या शेताकडे निघून गेले. पंतोजी चिंचेखाली आले.

"महाराज, पाट्या मांडायला जागाच राहिली नाही, तर मी सकाळी उठू कशाला?"

महाराज म्हणाले, "आज दिवेलागणीला परवचा घ्या."

परवचा म्हणजे सगळ्या मुलांनी मिळून मोठ्याने म्हणायचे पाढे. साथ आल्यापासून तो बंदच होता.

"मुलं नाहीत, महाराज. म्हणणार कोण?"

"तुम्ही सांगा. आम्ही मागून म्हणतो."

आणि दिवे लागताच महाराज ओसरीत, मुलांसाठी मांडलेल्या पाट्यांच्या ओळीत, मांडी घालून बसले!

इकडे गड्यांना पुढे धाडून पाटील एकटेच डोंगर उतरत होते. एकाएकी धुके आले. हाताचा तळवा दिसेना. पुढे पाय टाकला तो दगड निसटला, पण पडल्याचा आवाज काही आला नाही. पाटील मटकन खाली बसले. त्यांनी हाका मारल्या. पण बोरदरीत हल्ली दिवे लागले की दारे बंद होत, हाकेला कुणी ओ देत नसे.

तेवढ्यात खालून पाढे ऐकू आले. पुष्कळ मुलांचा आवाज! त्यातला एक आवाज एकोणतिसाच्या पाढ्यात अडला, थांबला आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागला. ही तर भैरूची खोड! तिच्यापायी पाटील त्याला किती रागावत! त्या आवाजाच्या रोखाने ते रडत, रांगत, चाचपडत खाली आले.

ओसरीत एक समई होती, पंतोजी होते आणि महाराज होते.

"पोरं कुठं आहेत?"

"कसली पोरं, पाटील? आम्ही दोघंच तर आहोत."

"माझा भैरू म्हणत होता! एकोणतिसाचा!"

पंतोजी गोंधळले. "तो तर महाराजांनी म्हटला. मधेच अडले अन् पुन्हा पहिल्यापासून."

महाराज हळूच म्हणाले, "आम्हाला कुठला येतो तो पाढा? शेजारच्या पोरानं म्हटलं, तसं आम्ही म्हटलं."

पाटलांनी महाराजांच्या पायांवर लोळण घेतली. महाराजांनी पाय मागे घेतले.

"आमचे नकोत. पाटलाचं पोर अन् गुराख्याचं पोर इथं एका ओळीत बसतं, एका सुरात म्हणतं. म्हणून मोठेपणी एकाच्या हाकेला दुसरा ओ देतो. ही ओळ मोडलीत तर नुसती घरं उरतील, गाव नाही. धरायचे तर यांचे पाय धरा."

भाविक हो, गेलेले कुणी परत आले नाही. पंतोजींचे घर रिकामेच राहिले. रोज संध्याकाळी ते एकटेच कुलूप काढीत. पण दुसऱ्या सकाळपासून मानाजी पाटील घरोघर पोरे मागत फिरले. चार मिळोत की दोन, त्यांना घेऊन ते ओसरीशी येत, पागोटे काढून पायरीवर ठेवत आणि पंतोजींपुढे वाकत.