रिकामा दगड

सांगा बरे, दाराची किल्ली ज्याच्या कमरेला आहे, त्याला त्या दाराची आडकाठी असते की नसते? उत्तराची घाई करू नका. आधी घडले ते ऐका.

फार पूर्वी, डोंगराळ मुलखातल्या एका गावामागे काळाकभिन्न कडा उभा होता. तो एका जहागीरदाराच्या मालकीचा. त्याने पायथ्याला बाभळीच्या काट्यांचे कुंपण घातले होते. तो स्वतः कधी कडा चढला नाही आणि दुसऱ्या कोणाला त्याने चढू दिले नाही. तो निपुत्रिक वारला, तेव्हा जमीन राजाकडे आली आणि राजाने ती गावाला दिली. देताना त्याने दोनच अटी घातल्या. चढायला जो येईल तो कुठल्याही गावचा, कुठल्याही जातीचा असो, त्याला अडवू नये. मात्र कपारीत गिधाडे अंडी घालतात, तेव्हापासून पिल्ले उडेपर्यंत कोणालाही चढू देऊ नये. त्या जिवांचा हक्क माणसाच्या आधीचा आहे.

कुंपण निघाले. लांबलांबून कडेकरी येऊ लागले. कडे चढण्याचा ज्यांना ध्यास, त्यांना लोक कडेकरी म्हणत. त्यांच्यात तुळाई नावाची एक वृद्धा होती. तिचे गुडघे थकले होते, पण तिचा शब्द सारे मानत. तिने गावाला कडेकऱ्यांची रीत शिकवली.

पायथ्याशी एक सपाट दगड होता. चढणाऱ्याने आपली पायताणे त्यावर काढून ठेवायची आणि अनवाणी चढायचे. उतरल्यावर आपला जोड आपण उचलायचा. दगडावर जोड आहे, म्हणजे कड्यावर जीव आहे. कड्याचा खालचा टप्पा आरशासारखा गुळगुळीत होता. तिथे वर ठोकलेल्या लोखंडी कडीतून एक जाड दोर ओवलेला असे. त्याच्या आधारावाचून त्या टप्प्यावरून कोणाला ये-जा करता येत नसे. सांजेला दगड रिकामा झाला की रखवालदाराने दोर खाली ओढून घ्यायचा. कडीत नुसती सुतळी उरे. सकाळी त्याच सुतळीला बांधून दोर पुन्हा वर चढवायचा. आणि दगडावर एक जरी जोड उरला, तरी रखवालदाराने तिथून उठायचे नाही.

गावाने हैबतीला रखवालदार नेमले. हैबती देवभोळा होता, शिस्तीचा होता, आणि त्याला आपल्या शिस्तीचा अभिमान होता. त्याने देवळात बेलभंडारा उचलून शपथ घेतली: दगडावर जोड असेतो उठणार नाही आणि राजाच्या दोन्ही अटी मोडणार नाही. ही शपथ त्याने पहिल्या वर्षी अक्षरशः पाळली. एकदा कोणी परगावचा गडी उतरायला उशीर करून बसला, तर हैबती भुकेला बसून राहिला, पण हलला नाही. लोक म्हणत, हैबतीचा दगड खोटे बोलत नाही. पुढे हेच तो स्वतःही म्हणू लागला.

दुसऱ्या वर्षी विणीचे दिवस आले. कडा बंद झाला. तेव्हा त्या भागातल्या सरदाराचा पुतण्या घोड्यावरून आला. त्याला सोबत्यांना आपले कसब दाखवायचे होते. हैबतीने हात जोडून नाही म्हटले. पुतण्या हसला. त्याने हैबतीच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला काका म्हटले, आणि काकांसारख्या माणसाला कोण विचारणार, असे म्हणाला. सरदाराच्या घरच्या माणसाने हैबतीला आजवर कधी काका म्हटले नव्हते.

हैबतीने दोर चढवला. फक्त त्याने एक काळजी घेतली. पाहुण्यांची पायताणे दगडावर दिसली तर गावात बोभाटा होईल, म्हणून ती त्याने आपल्या चौकीत नेऊन कोंबड्यांच्या डालग्याखाली झाकली. दगड रिकामाच राहिला. पाहुणे चढले, उतरले, आपले जोड घेऊन निघून गेले. काही बिघडले नाही. मग ते पुन्हा आले, आणि पुन्हा आले.

तुळाईच्या नजरेतून आभाळ सुटत नसे. एका दुपारी ती चौकीपाशी आली.

“हैबती, गिधाडं घरटी सोडून घिरट्या घालताहेत. त्यांना उठवलं कोणी?”

“म्हातारे, तुझे डोळे गेले. जा, दगड बघ. आहे का कोणाचा जोड? माझा दगड खोटं बोलत नाही.”

“दगड नाही बोलत,” तुळाई म्हणाली आणि काठी टेकत निघून गेली.

हैबतीला एकुलता एक मुलगा होता, कोंडाजी. आईविना वाढलेला, हाडापेराने मजबूत. पंचक्रोशीत त्याच्यासारखा कडेकरी नव्हता. बापाचा जीव त्याच्यात अडकलेला होता. त्याने पाहुण्यांना चढताना पाहिले होते. त्या रात्री जेवताना त्याने विचारले,

“आबा, त्यांना दोर मिळतो. मग मला का नाही?”

“तू रखवालदाराचा मुलगा. लोकांचं लक्ष तुझ्याकडे असतं.”

“आणि त्यांच्याकडे नसतं?”

“दगडावर काही दिसलं तर ना,” हैबती म्हणाला आणि आपल्याच हुशारीवर हसला.

कोंडाजी हसला नाही. त्याने ते मनात ठेवले.

चार दिवसांनी सरदाराकडे मेजवानी होती. कोंडाजी मामाच्या गावी जातो असे सांगून पहाटेच घराबाहेर पडला. पुतण्या सकाळी सोबत्यांसह कड्यावर आला. हैबतीने नेहमीप्रमाणे दोर चढवला, पायताणे झाकली आणि कोणी येऊ नये म्हणून वाटेवर पहारा करत उभा राहिला. त्याची पाठ वळताच कोंडाजी मागच्या झुडपांतून चौकीत शिरला. त्याने आपला जोड डालग्याखाली सरकवला आणि पाहुणे वर दिसेनासे झाल्यावर तो कडा चढला. ते जिथून माघारी फिरले, त्याच्याही वर तो दुसऱ्या कपारीने, त्यांच्या नजरेआड गेला.

सांज झाली. पाहुणे उतरले. त्यांनी डालगे उचलून आपापली पायताणे घेतली. खाली एक जोड उरला. तो रखवालदाराचाच असेल असे त्यांना वाटले. त्यांनी डालगे पुन्हा पालथे घातले.

“चला काका,” पुतण्या म्हणाला. “पंगत खोळंबली असेल. तुमचं पान माझ्या शेजारी आहे.”

हैबतीने सवयीने दगडाकडे पाहिले. दगड रिकामा होता. त्याने दोर ओढून घेतला आणि तो पाहुण्यांबरोबर चालू लागला. वळणावर पाहुण्यांचे घोडे सांभाळणारा मोतद्दार थबकला. वरून कोणी हाक मारते आहे, असे तो म्हणाला. हैबतीने मागे वळून दगड पाहिला.

“गिधाडाचं पिल्लू असेल,” तो म्हणाला. “दगडावर जोड नाही, म्हणजे कड्यावर माणूस नाही.”

सकाळी तो परतला, तेव्हा त्याच्या डोक्यावर सरदाराने बांधलेले नवे पागोटे होते. कड्याच्या पायथ्याशी गर्दी दिसली. पाण्याला निघालेल्या बायांनी पाहिले होते आणि गाव गोळा केला होता. हैबती तावातावाने गर्दीत शिरला. जमिनीवर कोणी पालथे पडले होते. त्याच्या मुठीत तुटलेली सुतळी होती.

“बंदीच्या दिवसांत चढला कोण हा?” हैबती ओरडला. “याची पायताणं कुठं आहेत?”

त्याला वाट देण्यासाठी माणसे मागे सरली. त्याने वाकून त्या देहाला उताणे केले.

तो त्या चेहऱ्याकडे पाहत राहिला, मग सुतळीकडे, मग रिकाम्या दगडाकडे. हात आपणहून डोक्याकडे गेला. त्याने नवे पागोटे उलगडले आणि मुलाच्या तोंडावर पांघरले.

तुळाई चौकीत गेली. डालगे उचलल्याचा आवाज बाहेर आला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात पायताणांचा एक जोड होता. त्याच्या उजव्या अंगठ्याला लाल चामड्याचे ठिगळ होते. ते हैबतीनेच लावून दिले होते.

हैबतीने सारे सांगितले, तेव्हा गावाने पुतण्याची चौकशी केली. सरदाराकडून निरोप आला की आमचा पुतण्या तिथे गेलाच नाही. दगड रिकामा होता, हे सारे गाव जाणते, असेही निरोपात होते.

कोणी म्हणाले, हैबतीला वेशीबाहेर घालवा. कोणी म्हणाले, त्याला राजापुढे उभे करा. तुळाईने हात वर केला. तिने तो जोड नेऊन सपाट दगडावर ठेवला.

“हैबती,” ती म्हणाली, “दगडावर जोड आहे.”

हैबती दगडाजवळ बसला.

गावाने दोरावर दुसरा माणूस नेमला. पिल्ले उडून गेली, कडा पुन्हा खुला झाला, कडेकरी पुन्हा येऊ लागले. ते चढत, उतरत, आपापली पायताणे उचलून घरी जात. एक जोड तेवढा उरे. कोणी भाकरी दिली तर हैबती खाई. पावसाने चामडे फुगे, उन्हाने आखडे, तो ते तेल लावून मऊ करी. एकदा सरदाराचा पुतण्या घोड्यावरून तिथून गेला आणि त्याने काका म्हणून हाक मारली. हैबतीने मान वर केली नाही.

केस पिकले, पाठ वाकली, दृष्टी गेली. सांजेला दगड चाचपून तो जोड आहे का ते पाही. तो असेच. मरण आले तेव्हाही त्याचा हात त्या दगडावर होता. जोड न्यायला कोणी आले नाही, म्हणून हैबती उठला नाही.

बोध एकच: नियमाला चोरून पाडलेली वाट शेवटी पाडणाऱ्याच्याच घरातून जाते.