पहिल्या टोपलीची कहाणी

ऐका देवबापा, तुमच्या मर्जीची कहाणी. बायांनो, उपासकाळ आहे, पोटं रिकामी आहेत, तेव्हा कान तरी भरून घ्या. मध्येच कुणी उठू नका. कहाणी सुखाची नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आटपाट आगर होतं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला क्रुसाची टेकडी, आणि मधे मिठाचे वाफे. भरतीचं पाणी बांधाच्या उघाडीतून आत घ्यावं, मग उघाडीची फळी पाडावी, मग उन्हानं पाणी आटवावं, मग खाली बसलेलं मीठ ओढून राशी घालाव्यात, असा तिथल्या माणसांचा धंदा होता. माणसं क्रिस्तांव होती. रविवारी देवळात जात होती, गुडघे टेकत होती.

त्या आगरात सांतानबाय नावाची बाई होती. तिचं सगळं बरं होतं. नवरा धट्टाकट्टा होता. लेक जुजे कमावता होता. सून घरात आली, तीही गुणाची. वाफ्यातलं मीठ पांढरंशुभ्र, आणि कोंबडी बसवली तर एक अंडं वाया जात नसे. मग लोक म्हणू लागले, सांतानबायवर देवाची मर्जी आहे. मग तीही म्हणू लागली, "मी शुक्रवारचा उपास मोडत नाही, क्रुसापुढं मेणबत्ती लावल्याशिवाय पाणी पीत नाही. देव काय बघत नाही?" मग आगरात रीतच पडली. नाताळ सरावा, वाफ्यात मीठ धरावं, आणि पहिली टोपली सांतानबायनं उचलावी. तिचा हात लागला म्हणजे सालभर बरकत. पाद्रीबाबा सांगत, देवाचा पाऊस बऱ्यावर पडतो तसा वाइटावरही पडतो. बाया माना हलवत, आणि देवळाबाहेर येऊन सांतानबायचा पदर डोळ्यांना लावत.

त्याच आगरात अगदी कडेला एक झोपडं होतं. तिथं लुइजा नावाची बाई राहात होती. तिचं काहीच बरं नव्हतं. पहिलं मूल झालं, ते गोवरानं गेलं. दुसरं मूल झालं, ते उपजतच गेलं. मग बांधावर सर्प डसला, नवरा गेला. एक वाफा राहिला आणि इनास नावाचा एक लहानगा लेक राहिला. शुक्रवार तीही मोडत नव्हती. मेणबत्ती तीही लावत होती, सांतानबायच्या मेणबत्तीपेक्षा आखूड, पण लावत होती. त्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. लोक म्हणाले, हिच्यावर देवाचा राग आहे, हिनं नाहीतर हिच्या आईनं काहीतरी पाप केलं असेल. पहिल्या टोपलीच्या दिवशी बाया तिच्या दारी जात आणि म्हणत, "लुइजा, आज घरातच बस. तुझी सावली मिठावर नको." मग ती दार लावून बसे. बाहेर बाजा वाजे, पोरं ओरडत, आणि इनास दाराच्या फटीला डोळा लावून उभा राही.

एके साली काय झालं? पहिली टोपली उचलून झाली आणि इनासला ताप भरला. औषधपाणी झालं, गुण येईना. मग लुइजा सांतानबायच्या दारी गेली. म्हणाली, "सांतानबाय, तुमच्या हाताला देवाचा गुण आहे. माझ्या लेकराच्या कपाळावर एकदा हात ठेवा." सांतानबाय म्हणाली, "घरात पाहुणे आहेत गं. उद्या बघू." लुइजा दुसऱ्या दिवशी गेली. सांतानबाय म्हणाली, "सून पोटुशी आहे. तुझ्या घरातून येऊन मी तिच्याजवळ कशी जाऊ?" लुइजा तिसऱ्या दिवशी गेली. दार उघडलं नाही. आत बांगड्या वाजत होत्या, पण दार उघडलं नाही. मग ती माघारी फिरली. दिवस मावळताना इनास गेला.

मूठमातीला पाद्रीबाबा आले आणि खड्डा खणणारा आला. आणखी कुणी आलं नाही. दुखवट्याच्या घरची चूल शेजारणींनी पेटवावी, पेज रांधावी, ही आपली रीत. कुणी पेटवली नाही, कुणी रांधली नाही. लुइजा थंड चुलीपुढं बसली आणि म्हणाली, "देवबापा, माझ्या कुठल्या पापानं?" माणसांनी उत्तर दिलं नाही. देवानंही दिलं नाही. तुम्ही आता चुकचुकता, बायांनो, पण आपल्या वाडीत असं घर नाही का? मला ठाऊक आहे. नाव घेत नाही.

मग उन्हाळा तापला. त्या साली मीठ असं पिकलं की राशी घालायला बांध पुरेनात. सांतानबायच्या सुनेला मुलगा झाला. मग नातवाचा बाप्तिस्मा ठरला, जेवण ठरलं, साऱ्या आगराला बोलावणं गेलं. लुइजाला गेलं नाही. लोक म्हणाले, राशी उद्या शाकारू, आभाळात ढग कुठं आहे? सगळे नटूनथटून जेवायला गेले. लुइजाला तिकडचं हसणं ऐकवेना. हाताला काहीतरी काम हवं म्हणून तिनं पेंढा आणला, आणि आपली एवढीशी रास शाकारून टाकली.

तिसऱ्या प्रहरी वारा सुटला. मग आभाळ काळं झालं. मग पाऊस असा कोसळला की समोरचं माणूस दिसेना. त्यात खाडीला उधाण. उघाडीची फळी कुणी पाडलेली नव्हती. जुजे पानावरून उठला आणि फळी पाडायला धावला. बांध खचला, पाण्यानं त्याला ओढून नेलं. ओहोटी लागली तेव्हा तो तिवरांच्या झाडीत सापडला, अंगावर बाप्तिस्म्याचा नवा सदरा होता. राशी विरघळल्या, खाडीत गेल्या. लुइजाची तेवढी राहिली.

मग लोक काय म्हणाले? म्हणाले, सांतानबायवरची मर्जी उठली. कशानं उठली? तर लुइजाचा तळतळाट लागला. मर्जी कुठं गेली? तर लुइजाकडं गेली, तिची रास बघा. पेंढा घातला होता म्हणून राहिली, एवढं साधं कारण कुणाला पुरेना.

मग सांतानबायच्या दारी कुणी जाईना. सून लेकरू घेऊन माहेरी गेली. नवरा खाडीकडं तोंड करून बसू लागला, बोलेनासा झाला. लुइजा तरी तिच्या दारी गेली का? नाही गेली. खोटं कशाला सांगू? जुजेची मूठमाती तिनं आपल्या दारातून पाहिली आणि तिला आतल्या आत बरं वाटलं. मग ती क्रुसापुढं मेणबत्ती लावायला गेली. पण मेणबत्ती न लावताच माघारी आली.

पावसाळा गेला. नाताळ सरला. पुन्हा मीठ धरलं. मग बाया लुइजाच्या दारी आल्या. पुढं कोसेसबाय होती, आगरात तिचा शब्द चालत होता. हातात नवं लुगडं होतं. म्हणाली, "लुइजाबाय, हे नेसा. यंदाची पहिली टोपली तुम्ही उचला." काल लुइजा होती, आज लुइजाबाय झाली. तिला गोड वाटलं. का वाटू नये? जन्मात पहिल्यांदा कुणी तिला बाहेर ये म्हणत होतं. ती लुगडं नेसली, केस विंचरले, बांधावर गेली. बाजा वाजू लागला. ती वाकली, टोपलीला हात घातला, आणि सहज म्हणाली, "सांतानबाय दिसत नाही कुठं?"

कोसेसबाय म्हणाली, "तिला सांगून आलोय. घरातच बस, तुझी सावली मिठावर नको."

लुइजानं टोपलीवरचा हात काढला. म्हणाली, "कोसेसबाय, माझी रास पेंढ्यानं राहिली. तुम्ही मला जेवायला बोलावलं असतं, तर माझंही मीठ खाडीत गेलं असतं."

कोसेसबाय म्हणाली, "असं बोलू नये. देवाची मर्जी आहे तुमच्यावर."

लुइजा म्हणाली, "देवाची मर्जी ज्याच्यावर सगळ्यांत जास्त होती, तो तिथं टेकडीवर खिळलेला आहे. उन्हात आहे, पावसात आहे. तुम्ही रोज त्याच्यापुढं गुडघे टेकता, आणि मला मर्जी म्हणजे काय ते सांगता. त्याची आई खाली उभी होती तेव्हा तिलाही कुणी म्हणालं असेल, ह्या बाईची सावली नको." एवढं बोलली आणि चालू लागली. बाजा थांबला.

सांतानबायचं दार उघडंच होतं. लावून घ्यायचंही तिला भान नव्हतं. ती जमिनीवर बसली होती. चूल थंड होती. लुइजाला बघून म्हणाली, "आलीस? ये, बघून घे. तुझ्या लेकराला मी हात लावला नाही, म्हणून माझा लेक गेला. असंच ना? तू एकदा तोंडानं म्हण. तू म्हणालीस की मला कळेल तरी, जुजे का गेला."

बायांनो, लुइजानं काय करावं? हेच वाक्य तिनं इतके महिने जपलं होतं. ओठांवर आलं होतं, फक्त हो म्हणायचं होतं. पण समोरची बाई दिसली आणि आपली थंड चूल आठवली. मग ती म्हणाली, "नाही. तुम्ही दार उघडलं नाही, ते वाईट केलंत. ते मी विसरायची नाही. पण इनास तापानं गेला आणि जुजे पाण्यानं गेला. एकाच्या बदल्यात दुसरा नेला, असा देव सावकार नाही."

सांतानबाय म्हणाली, "मग का गेला?"

लुइजा म्हणाली, "मला ठाऊक नाही."

मग तिनं हात धुतले, चूल पेटवली, पेज रांधली. सांतानबायला घास गिळवेना. मग दोघी रडल्या. एक जुजेसाठी रडली, एक इनाससाठी रडली, मग दोघी दोघांसाठी रडल्या.

मग सांतानबाय म्हणाली, "लुइजा, मला वसा सांग. कसाही असो, मी पाळीन."

लुइजा म्हणाली, "उतशील, मातशील, आपण देवाचे लाडके म्हणशील."

"उतणार नाही, मातणार नाही, तसं म्हणणार नाही."

"मग ऐका. ज्या घरी दुःख येईल त्या घरी जावं. बोलावण्याची वाट बघू नये. हात धुवावेत, चूल पेटवावी, जवळ बसावं. कुणाच्या पापानं, हे विचारू नये. कुणी विचारलं तर कारण सांगू नये."

"ह्यानं जुजे परत येईल?"

"नाही."

"इनास?"

"नाही."

"मग फळ काय?"

"त्या घरची बाई एकटी बसणार नाही. आणखी फळ मला दिसलं नाही."

सांतानबायनं वसा घेतला. पहिली टोपली त्या साली कोसेसबायनंच उचलली. मीठ बरं पिकलं. पुढल्या साली तिनंच उचलली, मीठ काळं पडलं, आणि तिची लेक बाळंतपणात गेली. बाया तिच्या दारावरून वाट वाकडी करून जाऊ लागल्या. सांतानबाय मात्र तिच्या घरी गेली. कोसेसबाय छाती बडवून म्हणाली, "माझ्या कुठल्या पापानं?" सांतानबायनं हात धुतले, चूल पेटवली, जवळ बसली.

दुसऱ्या कहाण्यांत गेलेला लेक दारात येऊन आईला हाक मारतो. ह्या कहाणीत जुजे आला नाही, इनास आला नाही. देवबापाच्या घरी ते भेटतील असं पाद्रीबाबा म्हणत, आणि त्यावर भरवसा ठेवून दोघी म्हाताऱ्या झाल्या. सांतानबाय गेली तेव्हा लुइजा तिच्या उशाशी होती. लुइजा गेली तेव्हा कोण होतं, ते कहाणीत नाही.

देवबापा, जशी लुइजा सांतानबायच्या दारी गेली, तसं तुमच्याआमच्या वाईट दिवशी कुणी आपल्या दारी येवो, आणि आपले पाय कुणाच्या तरी दारी वेळेवर वळोत. साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सांगून झाली. लेकरं का गेली, ते उत्तर ह्या पाचांत नाही, साठांतही नव्हतं. ते देवबापापाशी. आमेन.