काही न घेणारा कारकून

फार जुन्या काळी, जिथं लाच देणं रामराम करण्याइतकं साधं झालं होतं अशा एका नगरात, एक म्हातारी कुंभारीण राहत होती. घरात ती एकटीच. पण तिच्या माठातल्या गार पाण्याचं पंचक्रोशीत नाव होतं.

माठाची चांगली माती मिळायची ती फक्त राजाच्या तलावात. उन्हाळ्यात तलाव आटला की आठ दिवस माती खणू देत. नवव्या दिवशी आत पाटाचं पाणी सोडत. ते आठ दिवस हुकले की म्हातारीचं चाक वर्षभर बंद, आणि चूलही बंद.

खणायला परवाना लागे. तो फुकट द्यायचा, असं राजाच्या हुकुमात स्वच्छ लिहिलेलं होतं. पण हुकूम वाचतो कोण? जुना कारकून तूप, भोपळे, कोंबड्या, जे येईल ते ठेवून घ्यायचा. लोकांनाही वाटे, जगाची रीतच ही.

त्या वर्षी तो गेला आणि नवा तरुण कारकून आला. पहिल्याच दिवशी म्हातारीनं त्याच्यापुढे अर्ज ठेवला आणि शेजारी काखेतली कोंबडी ठेवली.

"सायेब, गरिबाची येवढी भेट ठिवून घ्या."

"आजी, ही आधी बाहेर न्या. मी काही घेत नाही," कारकून म्हणाला.

म्हातारी घाबरली. साहेब रागावला! पुढचं काही न ऐकता कोंबडी उचलून ती तडक घरी आली. कारकून मागून हाका मारत होता, पण तिला वाटलं, तो आपल्यावर ओरडतोय.

शेजारीण म्हणाली, "अगं, नको म्हनला म्हंजे कमी पडलं. ह्याचं तोंड मोठं दिसतंय."

चौथ्या दिवशी म्हातारी आपली दुभती शेळी घेऊन गेली. कचेरीत गर्दी होती. कारकुनानं लांबूनच शेळी पाहिली आणि जोरजोरात मान हलवली. म्हातारी दारातूनच माघारी फिरली. शेळीहून मोलाचं आता काय द्यायचं?

शेवटचा दिवस उजाडला. म्हातारीनं रडत रडत गाढवावर ओझं लादलं, कचेरीच्या अंगणात आणलं आणि हात जोडले.

"आता ह्याच्यापरीस जास्त न्हाई माझ्याजवळ. ह्ये घ्या, पन मातीला न्हाई म्हनू नका."

कारकून बाहेर आला. गाढवावर कुंभाराचं चाक होतं.

"आजी," तो हळूच म्हणाला, "चाक मला दिल्यावर माती घेऊन काय करणार?"

म्हातारीनं चाकाकडे पाहिलं. हा विचार तिच्या मनात आलाच नव्हता. कारकुनाचे डोळे भरून आले. त्यानं आतून एक कागद आणला.

"तुमच्या परवान्यावर पहिल्याच दिवशी शिक्का मारलाय. हाका मारून माझा घसा बसला, आजी. मला राजाचा पगार आहे. तुमचं काही नको."

म्हातारीनं कागद उलटा धरला, सुलटा धरला, उन्हात धरून शिक्का पाहिला. मग खाली बसली आणि पोटभर रडली. किती वर्षं आपण आपलीच माती विकत घेत होतो!

गाढव हाकत ती तशीच तलावाकडे धावली. तलावाच्या दारावर पहारेकरी उभा होता. तिच्या मागोमाग वीटवाले, कुंभार, सगळे पहारेकऱ्यासाठी आपापल्या भेटी घेऊन रांगेत आले.

"परवाना झाला. माझं काय?" पहारेकऱ्यानं आडवा दांडा धरला.

ऊन कलायला लागलं होतं. गाढव द्यावं आणि सुटावं, असं क्षणभर तिला वाटलं. दिवस गेला तर सगळंच गेलं. पण ती जागची हलली नाही.

"शिक्का खरा हाय का खोटा, तेवढं सांग."

"खरा आहे, पण..."

"मंग बाजूला हो. कचेरीतला सायेब घेत न्हाई, अन् तू दारावरचा घेतोस व्हय?"

रांगेत खसखस पिकली. एका वीटवाल्यानं हातातलं तुपाचं भांडं गुपचूप पिशवीत घातलं. मग दुसऱ्यानं आपला भोपळा झाकला, आणि एकेक करत सगळ्यांनी भेटी लपवल्या. पहारेकऱ्यानं रांगेवरून नजर फिरवली. तिथं त्याला द्यायला आता कुणाच्याच हातात काही नव्हतं. पुटपुटत त्यानं दांडा खाली केला. अंधार पडेपर्यंत म्हातारीनं वर्षभराची माती वाहिली.

पुढच्या वर्षी त्या कारकुनाची बदली झाली. नवा आला, तो जुन्या वळणाचा होता. त्यानं सवयीनं हात पुढे केला. रांगेतल्या प्रत्येकानं त्या हातावर आपला अर्ज ठेवला, बाकी काही नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे परवाने झाले.

तात्पर्य: हक्काची गोष्ट विकत घ्यायची सवय लागली की ती हक्काची होती हेच माणूस विसरतो. घेणारा नको म्हणाला तर लाच एक दिवस थांबते; देणाऱ्यांनी नाही म्हटलं तर तिची रीतच मोडते.