म्हाळू आणि आईचा वास

एका गावात म्हाळू नावाचा एक भोळा गडी शेळ्या राखायचा. भोळा म्हणजे किती? 'जरा थांब' म्हटलं, तर कुणी 'आता चल' म्हणेपर्यंत उभाच राहायचा. बायको धुरपा मात्र शहाणी. तिच्या शब्दाबाहेर तो जायचा नाही. अडचण तीच होती.

एकदा बाजाराला निघताना धुरपा म्हणाली, "लाडी आज व्यायची. बाळंतिणीची स्वच्छता बघा."

शेळी व्याली. म्हाळूनं तिला कपड्याच्या साबणानं शिंगापासून शेपटीपर्यंत घासलं. कास तर लखलखीत केली. वर लग्नातलं उरलेलं अत्तर चोपडलं. पिल्लू धडपडत उठलं. त्यानं कास हुंगली, तोंड फिरवलं. मग भिंत हुंगली, गव्हाण हुंगली, आणि शेवटी म्हाळूचं कोपर चोखत बसलं.

"गुणाचं हाय," म्हाळू म्हणाला.

धुरपा परतली तेव्हा पिल्लानं मान टाकली होती. तिनं घाईनं कास धुतली, थोडा चीक पिळला आणि सडांना चोळला. पिल्लाचं नाक तिथं नेलं. पिल्लानं हुंगलं आणि चुटुचुटु लुचायला लागलं.

"अवो, नव्या जिवाला आई डोळ्यांनी न्हाई, नाकानं घावती. बाळंतिणीचा वास कधी धुवायचा न्हाई."

"कळलं," म्हाळू म्हणाला.

थोड्या दिवसांनी धुरपाची भावजय बाळंत झाली. धुरपानं म्हाळूला डिंकाचे लाडू देऊन पुढं पाठवलं. तो पोचला तेव्हा सासू सुनेच्या अंघोळीचा हंडा उतरवत होती. म्हाळूनं लाडू खाली ठेवले आणि लाथेनं हंडा उलटा केला.

"मामी, पोर उपाशी मरंल," तो म्हणाला. "तिला धुवू नगा."

सासूनं उलथन्यानं त्याची पाठ शेकली. "पुन्हा या उंबऱ्यात दिसू नका," म्हणाली.

धुरपानं कपाळाला हात लावला. "शेळीचं शेळीपाशी. माणसांत बाळंतिणीला अंघोळ घालायची, ओवा-शेपाची धुरी द्यायची."

"कळलं."

मग ढवळी शेळी व्याली. म्हाळूनं गोठ्याचं दार लावलं आणि अशी धुरी दिली, की आत शेळी कुठली नि खुंटा कुठला ते कळेना. धूर निवळला. शेळीनं पिल्लू हुंगलं. ओव्याचा वास. तिनं त्याला शिंगानं बाजूला सारलं. पिल्लू पुन्हा आलं, तिनं पुन्हा सारलं.

धुरपा धावत आली. ढवळीचंच दूध पिळून तिनं पिल्लाच्या पाठीला, शेपटीला चोळलं. पिल्लाची पाठ शेळीच्या नाकासमोर धरली. शेळीनं शेपटी हुंगली, चाटली, आणि पाय फाकवून उभी राहिली.

"आता नीट ऐका," धुरपा म्हणाली. "आईनं परकं म्हणून ढकललं, तर तिचाच वास शेपटीला चोळायचा आन् पाठ तिच्या नाकापाशी न्यायची. वास पटला की ती जवळ घेती."

"हे मातर पक्कं ध्यानात ऱ्हाईल," म्हाळू म्हणाला.

भावजयीच्या बाळाच्या बारशाचा दिवस आला. धुरपा म्हणाली, "तुमी बाहेरच बसा. आईचा राग अजून गेला न्हाई. ती तुमाला जवळ करायची न्हाई."

म्हाळू ओसरीवर बसला. सासूनं ढकललं याचं त्याला फार वाईट वाटत होतं. बसल्या बसल्या त्याला खिडकीत सासूची मिश्रीची डबी दिसली. मिश्रीचा वास तो सासूचा वास, साऱ्या गावाला ठाऊक. त्यानं डबी उघडली. शेपटी नव्हती, म्हणून जिथं असायला हवी होती तिथं धोतराला सगळी मिश्री चोळली.

आत पाळणा हलत होता. आळीतल्या बाया दाटीनं बसल्या होत्या. धुरपानं आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव सांगितलं होतं आणि सासू नुकती टेकली होती. म्हाळू बायांमधून वाट काढत थेट तिच्यासमोर गेला. वळला. वाकला. पाठ तिच्या नाकापाशी नेली आणि मऊ आवाजात म्हणाला,

"मामी, हुंगा."

पाळण्याची दोरी थांबली. एका बाईनं पदर तोंडात कोंबला. सासूनं कोपऱ्यातलं मुसळ उचललं.

म्हाळू अंगणातून पळत सुटला. मागं मुसळ घेतलेली सासू, तिच्या मागं आईला आवरणारी धुरपा. पळता पळता म्हाळू वळून ओरडला,

"धुरपे, वास कमी पडला! दुसरी डबी कुठं हाय?"